चौथीचं अडलेलं दार

"बे एके बे, बे दुणे चार..." लहानपणच्या गुरुजींचा तो खर्जातला आवाज बाईंच्या कानात अजून घुमायचा. पाढे कसले, पाळणाच तो! सगळा वर्ग त्यावर डुलायचा. चौथीच्या बाईही तशाच शिकवत आल्या. मुलंही गोड डुलली आणि परीक्षेत सपशेल आपटली.

"मुलांपुढे खरीखुरी समस्या ठेवा, उत्तर त्यांचं त्यांना शोधू द्या," मुख्याध्यापकांनी बजावलं. "तपासणीचे साहेब येतायत वर्ग बघायला. त्यांना नाही पटलं, तर चौथी दुसऱ्या कुणाकडे आणि तुम्ही ऑफिसात फायली लावायला."

पहिलीपासून नाकं पुसत वाढवलेली पोरं ती! ती दुसऱ्याच्या हाती कशी द्यायची?

साहेब आले. बाहेरचा गोंगाट नको म्हणून त्यांनी दार धाडकन लावून घेतलं नि मागच्या बाकावर बसले. बाईंनी विचारलं, "सुट्टीत बागेतली रोपं वाळतात. काय करावं?"

मागून एका पोराचा आवाज आला, "प्लास्टिकची लावू या."

साहेब उसासा टाकून उठले. संपलं सगळं, बाईंच्या मनानं निरवानिरव केली. साहेबांनी दार ओढलं. उघडेना. दोन्ही हातांनी ओढलं. दार ढिम्म!

एकदम त्यांचे डोळे लकाकले. "वा! समस्या हवी तर ही अशी! मुलांनो, लागा कामाला. आणि ज्याला उत्तर माहीत असेल, त्यानं अवाक्षर काढायचं नाही. न येणाऱ्याला शोधू द्यायचं." असं म्हणून त्यांनी बाईंकडे बघून डोळे मिचकावले.

बाईंना कुठलं उत्तर माहीत! रोज दार उघडायला पोरंच धावायची.

एका गटानं पट्टीनं दार मोजलं. दुसऱ्यानं दाराचं चित्र काढलं, त्याला मिशाही काढल्या. तिसऱ्यानं चूक कुणाची यावर मतं घेतली. साहेब बहुमतानं निवडून आले.

"सुतार बोलावू का?" बाहेरून मुख्याध्यापक ओरडले.

"खबरदार! इथे शिक्षण चाललंय!" साहेब आतून गरजले.

मधली सुट्टी आली नि गेली. ऑफिसात आग्रहाखातर प्यायलेला चहा आता साहेबांना स्वस्थ बसू देईना. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलू लागले.

"बाई, पुरे झालं. सांगा आता उत्तर."

"मला नाही येत, साहेब."

"म्हणजे? इतका वेळ तुम्ही... मग हा वर्ग तुमच्या हाती ठेवायचा तरी कशाला?"

बाईंनी मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी टेबलावर टपटपलं.

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी चटकन उठली. तिनं कडी धरून दार किंचित वर उचललं आणि ओढलं. दार अलगद उघडलं.

"अगं, तुला येत होतं?" बाई किंचाळल्याच. "मग बोलली का नाहीस?"

"आम्हाला सगळ्यांनाच येतं, बाई. पण साहेब म्हणाले ना, येणाऱ्यांनी गप्प बसायचं, न येणाऱ्यांना शोधू द्यायचं. न येणारे तुम्ही दोघंच होतात." मग दाराकडे धावणाऱ्या साहेबांची बाही धरून ती काकुळतीनं म्हणाली, "साहेब, बाईंना नका ना काढू. शिकतील त्या. त्यांना जरा वेळ लागतो."