टर्बोला दृष्ट लागते

प्रोफेसर अनंतरावांच्या नव्या गाडीने पहिला गचका दिला, तेव्हा त्यांना वाटलं रस्ता खराब आहे. आपल्या औरंगाबादेत असं वाटायला कुणाला फार विचार करावा लागत नाही. पण दुसरा गचका बसला तो जालना रोडच्या नव्या कोऱ्या डांबरावर. आता रस्त्याला बोल लावायची सोय उरली नाही. हळू चालवली की गाडी लोण्यासारखी जायची. जरा जोरात दाबली, की पुढे झेपावायची, अडखळायची, पुन्हा झेपावायची, आणि आत बसलेली माणसं कुणीतरी बडा पाहुणा समोर आल्यासारखी वाकून वाकून मुजरे करायची.

अनंतराव भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गाडी घेतली तीही टर्बोची, कारण टर्बोचं तत्त्व त्यांना फार आवडलं होतं. "इंजिनाला जास्तीची हवा कोंबायची. हवा जास्त, ताकद जास्त. संपलं!" हे त्यांनी सिडकोतल्या आपल्या अख्ख्या कॉलनीला समजावून सांगितलं होतं. शोरूममधून गाडी घेताना तर त्यांनी विकणाऱ्या पोरालाच टर्बो शिकवायला घेतला. पोरगा बिचारा हळूच सटकला आणि बॉनेट कसं उघडायचं, कोणती कळ कुठं आहे, हे त्याने शैलाबाईंना दाखवलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. अनंतरावांना ऐकायची गरज नव्हती, कारण त्यांना तत्त्व माहीत होतं.

शोरूमवाल्यांनी गाडीला पुढे लिंबू-मिरची बांधली होती. ती अनंतरावांनी तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत तोडून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "माझ्या गाडीला असलं काही लागणार नाही!" असं ते एवढ्या मोठ्याने म्हणाले, की शेजारी दुसऱ्या गाडीची पूजा करणाऱ्या गुरुजींच्या हातातली पळी थांबली. शैलाबाई काही बोलल्या नाहीत. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं नाही हे त्यांना पक्कं कळलं होतं.

बोलले ते तात्यासाहेब. पिशोरचे मोठे बागायतदार, तिथल्या शाळेचे अध्यक्ष आणि अनंतरावांचे कॉलेजपासूनचे दोस्त. त्यांचा फोन आला.

"मास्तर, नवी गाडी बिगर लिंबाची रस्त्यावर आणली म्हणं? लई वंगाळ केलं."

"तात्या, लिंबाने काय होतं?"

"काय व्हतं ते दृष्ट लागल्यावर कळंल. रविवारी तुमचं आमच्या शाळेत भाषण हाय ना, अंधश्रद्धेवर? त्याच गाडीनं या. गाडी बिनघोर आली, तर शाळेच्या बसचा काळा बाहुला मी सोता, समद्या गावादेखत काढीन. आन् न्हाई आली, तर तुम्ही तुमच्या हातानं लिंबू बांधायचं. हाय का कबूल?"

"कबूल!" अनंतराव गरजले. आणि त्याच संध्याकाळी गाडीने पहिला गचका दिला.

अनंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. गचक्याचं दुःख नव्हतं, गाडी म्हटलं की बिघाड आलाच. पण हा बिघाड पिशोरच्या वेशीत दिसला, तर आयुष्यभर शिकवलेलं सगळं त्या एका लिंबाखाली चिरडलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी कंपनीच्या वर्कशॉपला घेऊन निघाले. "थांबा, माझी छत्री राहिली गाडीत," म्हणत शैलाबाई घाईघाईने खाली जाऊन आल्या. वर्कशॉपमध्ये टाय लावलेल्या एका पोराने गाडीला लॅपटॉप जोडला आणि बराच वेळ त्याकडे बघून जाहीर केलं, "सर, गाडी ओके आहे."

"अहो, पण गचके देते!"

"सर, बिघाडाचा कोड नाही ना आला."

"तुमच्या लॅपटॉपला गचका कळत नाही?"

"गचक्याचा कोड आला तर कळतो, सर."

"मग हवेचा फिल्टर तरी उघडून बघा."

"तो पुढच्या सर्व्हिसला आहे, सर. आधी उघडला तर सिस्टीम घेत नाही."

अखेर दोघं मिळून बीड बायपासला चक्कर मारून आले. गाडी अशी पळाली, की अनंतरावांना तिचा राग आला. पोराने विचारलं, "सर, याआधी आपण काय चालवायचा?"

"स्कूटर."

"हं," पोरगा म्हणाला. त्या एका 'हं'ने अनंतराव घरी येईपर्यंत धुमसत होते. आणि संध्याकाळी भाजी आणायला निघाले, तर गाडीने कोपऱ्यावरच दोन गचके दिले.

मग चेलीपुऱ्यातले जाफरभाई मिस्त्री झाले. जाताना शैलाबाईंचा चष्मा गाडीत राहिला होता, तो त्या घेऊन आल्या. जाफरभाईंनी प्लग बदलले, गाडी फिरवून आणली आणि हात पुसत म्हणाले, "साब, गाडी तो एकदम मक्खन है. घर पे कुछ टेन्शन चल रा क्या?"

"घरी काय टेन्शन असणार?"

"नई, बीपी वगैरा? कभी कभी आदमी हिलता, हौर लगता गाडी हिल री."

घरी आल्यावर अनंतरावांनी खरोखरच बीपी मोजून घेतलं. ते तोवर वाढलंही होतं.

शेजारचे नानासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. "पेट्रोलमध्ये पाणी आहे," त्यांनी न बघताच निदान केलं. जन्मभर पाणी मोजलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार? तरी खात्री करायला म्हणून ते गाडीत बसले. नेमका त्या दिवशी गचक्यांनी कहर केला. नानासाहेब परत आले ते मान धरून, आणि दुसऱ्या दिवशी मानेला पट्टा बांधून सगळ्या कॉलनीत फिरले. कुणी विचारलं की पट्ट्यातूनच सांगायचे, "प्रोफेसरांची टर्बो." झालं! दृष्ट लागली, दृष्ट लागली, अशी एकच कुजबुज सुरू झाली. लिफ्टमध्ये अनंतराव आले की बायका गप्प व्हायच्या.

"तरी मी म्हणत होते..." शैलाबाई सुरुवात करायच्या.

"काय म्हणत होतीस?"

"काही नाही. चहा ठेवू?"

अनंतरावांनी हात टेकले. वहीभर आलेख काढून झाले, पण निष्कर्ष एकच निघत होता. परक्या हातात दिली की गाडी शहाणी वागते आणि घरी आली की पिसाळते. भौतिकशास्त्रात असा नियम नव्हता. आणि रविवार उजाडला.

दोघं पिशोरला निघाले. दौलताबादच्या घाटात चढ लागला आणि गाडीने जे आरंभलं, ते बघून मागचा उसाचा ट्रकसुद्धा आदराने अंतर ठेवून चालू लागला. खुलताबादपर्यंत येता येता अनंतरावांच्या कपाळावर घाम डवरला. तिकडे तात्यासाहेबांचा फोनवर फोन. "मास्तर, गाव गोळा झालंय. कुठवर आला? गाडी बरीये ना?"

"उत्तम आहे," अनंतराव म्हणाले आणि त्यांनी गाडी मारुतीच्या देवळाजवळ उभी केली.

"तू दर्शन घेऊन ये," ते बायकोला म्हणाले. "माझा काही विश्वास नाही, पण तुला कशाला अडवू?"

शैलाबाई चकित होऊन आत गेल्या. त्या दिसेनाशा झाल्या, तसे अनंतराव इकडेतिकडे बघत एका टपरीपाशी गेले. फुलंनारळ विकणारी साळूबाई तिथे बसली होती.

"ते... लिंबाचं... एक द्या," अनंतराव पुटपुटले. "मिसेसना हवंय."

"घ्या की. म्होरं बांधा, बंपरला."

"नको नको, दिसायला नको."

"दिसायला नको?" साळूबाईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "अव मालक, लिंबू लपीवलं तर नजरंला कळणार कसं?"

त्यात तर्क होता, पण अनंतरावांना त्या घडीला तर्क नको होता. लिंबू बॉनेटखाली कुठंतरी दडपावं, गाडी एकदाची पिशोरला पोचावी, आणि येताना काढून टाकावं, एवढाच त्यांचा बेत. पण बॉनेट उघडणार कसं? त्यांनी एक कळ ओढली तर डिकी उघडली. दुसरी ओढली तर पेट्रोलचं झाकण. शेवटी खाली वाकून चाचपडताना कुठेतरी 'खट' झालं आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रोफेसर अनंतरावांनी आपल्या टर्बोचं तोंड पाहिलं.

तोंड म्हणजे खरंच तोंड. जाळीच्या मागेच हवा आत ओढणाऱ्या नळीचं काळं रुंद तोंड होतं. आणि त्यात आधीच काहीतरी होतं.

अनंतरावांनी बोट घालून ओढलं. लाल कापड आलं. त्याला गाठ मारलेलं दुसरं लाल कापड आलं. मग तिसरं, त्यात अंगाऱ्याची पुडी आणि काळा दोरा. अनंतराव थक्क होऊन बघत राहिले, आणि एका क्षणात त्यांना सगळं उमगलं. छत्री, चष्मा, तेही उमगलं! हळू चालवली की कापडाच्या बाजूने हवा जायची. जोर दिला की नळी कापड आत ओढायची आणि इंजिनाचा श्वास कोंडायचा. गाडी मिस्त्रीकडे जायची वेळ आली की बाईसाहेब कापड काढून घ्यायच्या, आणि गाडी परत आली की पुन्हा घालायच्या. गचके वाढले की दृष्ट जास्त लागली म्हणून कापडही जास्त! अनंतरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी तिथेच रस्त्यावर टाळी वाजवली असती, पण हात रिकामे नव्हते. आयुष्यभर अंधश्रद्धेवर बोलले, पण असा ढळढळीत पुरावा कधी हाती लागला नव्हता.

"अहो! तुम्हाला बॉनेट उघडता येतं?"

मागे शैलाबाई प्रसाद घेऊन उभ्या होत्या. अनंतरावांनी उजवा हात उंचावला. "हे काय आहे, शैला? काय आहे हे?"

शैलाबाई आधी दचकल्या. मग त्यांची नजर हळूच खाली सरकली. "आणि ते काय आहे?"

"कुठलं?"

"डाव्या हातातलं."

अनंतरावांनी डाव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. हिरव्यागार मिरच्या वाऱ्यावर डुलत होत्या. पलीकडून साळूबाई ओरडली, "बाई, तुमच्यासाठीच घेतलं बगा त्यांनी!"

"माझ्यासाठी?" शैलाबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी दोन्ही वस्तू शांतपणे आपल्या पर्समध्ये टाकल्या, बॉनेट धाडकन लावलं आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

गाडी जी सुटली, ती थेट पिशोरला पोचली. ना गचका, ना अडखळ. तात्यासाहेब वेशीतच गाडीत शिरले, गावाला दोन फेऱ्या मारून आले आणि खाली उतरले ते तोंड पाडून. पण माणूस शब्दाचा पक्का. शाळेच्या बसपुढे उभं राहून त्यांनी सगळ्या गावादेखत काळा बाहुला सोडला. सोडला खरा, पण टाकायचा कुठं? जो तो मागे सरकू लागला.

"द्या माझ्याकडं," शैलाबाई म्हणाल्या, आणि तोही पर्समध्ये गेला.

भाषण रंगलं. टाळ्या पडल्या. शेवटी तात्यासाहेब उठले. "मास्तर, हरलो मी. पण एक सांगा, गाडी गचके देती असं औरंगाबादवरनं आलेले लोक सांगत व्हते. मंग निघालं काय?"

अनंतरावांच्या ओठांवर उत्तर आलं. जन्मातलं सगळ्यात चांगलं उदाहरण! सगळी शाळा कान टवकारून बसली होती. पण पहिल्या रांगेत शैलाबाई बसल्या होत्या, मांडीवर पर्स होती आणि त्यांचा अंगठा पर्सच्या चेनवर होता.

"कचरा," अनंतराव म्हणाले. "हवेच्या नळीत कचरा अडकला होता."

चेन थोडी सरकली.

"म्हणजे अगदी कचरा नव्हे," अनंतराव घाईने म्हणाले. "कापड होतं. स्वच्छ कापड. चांगलं होतं."

चेन मिटली. मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

परतताना गाडी भन्नाट चालली होती. "बघितलंस?" अनंतराव न राहवून म्हणाले. "हवा मिळाली, की झालं. साधं तत्त्व आहे!"

"हो ना," शैलाबाई म्हणाल्या.

घाटाच्या वळणावर समोरून एक ट्रक भरधाव आला आणि आरशाला घासता घासता निघून गेला. अनंतरावांनी गाडीचा वेग निम्म्यावर आणला. दौलताबादचा किल्ला दिसू लागला, तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"शैला, ते लिंबू टाकलंस का?"

"नाही. पर्समध्येच आहे. कापडही आहे, बाहुलाही आहे."

"असू दे," समोरचा रस्ता सोडून कुठेही न बघता अनंतराव म्हणाले. "फक्त नळीपासून लांब ठेव."