टेंभरेजींचे सहा आकडे

ओटीपी आला की टेंभरेजी चपला घालायचे.

सालेकशाकडच्या आमच्या धान खरेदी केंद्रावर ते ऑपरेटर, मी सचिव. शेतकऱ्यांची नावं, कोणाचं धान कधी मोजायचं ते नंबर, सगळं संगणकावर. त्यात शिरायला आधी पासवर्ड, मग ओटीपी. तो येई संस्थेच्या मोबाइलवर, आणि मोबाइल असे टेंभरेजींच्या बंडीच्या आतल्या खिशात. फोन वाजला की ते चपला घालून बाहेर पडत, रिकाम्या पोत्यांच्या ढिगामागे जाऊन आकडे वाचत, मेसेज पुसून टाकत आणि ओठ घट्ट मिटून परत येत. मग कीबोर्डवर खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा, त्याखाली हात घालायचे आणि आकडे भरायचे. अर्ध्या वेळा तोवर मुदत संपलेली असे.

शेतकऱ्यांना हे पाठ होतं. वाटेत कोणीतरी मुद्दाम विचारी, "रामराम जी टेंभरेजी, आज भाजी कोणती?" उत्तर दिलं की आकडे विसरले. पुन्हा चपला.

एकदा वैतागून मी म्हणाले, "मला तरी सांगत जा."

"तुमाले सांगतलं त तो ओटीपी कायचा, मॅडम? मंग ते वर्तमानपत्र झालं."

जिल्ह्याच्या साहेबांनी फोनवर आकडे मागितले, तर त्यांनाही हेच. "साहेब, मी माह्या सावलीलेही सांगत नाही. तुमीच या, चहा पाजतो."

मग एका सकाळी नंबर फिरलेले दिसले. शेवटची नावं वर, आणि चार दिवसांपासून ट्रॅक्टर भरून थांबलेले लोक पार खाली. आभाळ भरून आलेलं. वजनकाट्यावर गलका झाला.

"ओटीपी कोणाकडे येते? टेंभरेकडे. मंग अजून काय पाह्यता?" त्यांच्याच गावचा एक जण म्हणाला.

मी कामात चोख. लगेच यादी केली: फोन कोणाकडे, संगणकावर कोण बसतं, खोलीची किल्ली कोणाकडे. तिन्हींपुढे एकच नाव आलं. मी मोबाइल मागितला. त्यांनी तो दुपट्ट्याने पुसून माझ्या हातात दिला.

"मी नाही केलं जी."

"चौकशी होईपर्यंत घरी राहा," मी म्हणाले. पंधरा वर्षं एका खोलीत बसलेल्या माणसाला मी एवढंच म्हणाले.

तीन आठवड्यांनी सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचं पत्र आलं. पासवर्ड दिल्यावर ओटीपी मागणारं पान येतं. तिथे न थांबता आतल्या पानाचा पत्ता थेट टाकला, तर ओटीपी न विचारताच आत जाता येत होतं. बाहेरचं कोणीतरी तसंच शिरलं होतं. दोष त्यांचा, आता दुरुस्त केलाय. खाली एक ओळ होती: यासाठी पासवर्ड मात्र ठाऊक असावा लागतो.

पासवर्ड मी कागदावर लिहून काट्याच्या खिडकीशेजारी, माझ्या इतर याद्यांमध्ये चिकटवला होता. विसरू नये म्हणून. तो कागद मी काढला. पत्र काट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. कागदाचं बोलले नाही. मग टेंभरेजींच्या गावी गेले.

ते अंगणात एकटेच तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पत्र त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"कागद काढला का जी भिंतीवरचा?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"नंबर फिरले त्याच दिवशी ध्यानात आलं."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

"कोणाचं तरी नाव येतच होतं, मॅडम. तुमच्या घरी सासू बिमार, दोन पोरी शिकून राहिल्या. मी त एकटा जीव." मग शेंगांकडे बघत म्हणाले, "शेजारची वहिनी सांजच्याले भाजीची वाटी धाडे. ते तेवढं बंद झालं."

"उद्या काट्यावर कागदाचंही सांगते."

"कायले जी."

"सांगते," मी म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सांगितलंही.

ते चहा करायला उठले. त्यांचा कप चुलीजवळच होता. दुसरा शोधताना आधी फळीवरचे डबे हलल्याचा आवाज आला, मग पेटी उघडल्याचा. बऱ्याच वेळाने ते कप घेऊन बाहेर आले, अंगणातल्या बादलीशी बसले आणि तो तीनदा धुतला.