शालिकराम स्थळ पाहतो

लोकेशनला लोकेशन म्हणायचं नाही, असं शालिकरामनं ठरवलं आणि तिथून सगळं बिघडलं.

हा निर्णय तसा त्याच्या एकट्याचा नव्हता. वाशीमच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळणारा हा बाबू वर्षभरापासून निसर्गाचे फोटो काढायच्या नादी लागला होता, आणि ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो हे शिकत होता, त्याच्या अ‍ॅडमिनला शुद्ध मराठीचा भारी सोस. तिथं लँडस्केपला निसर्गचित्र म्हणायचं, ट्रायपॉडला तिपाई आणि लोकेशनला स्थळ. आधी नीट स्थळ पाहावं, मगच कॅमेरा बाहेर काढावा, ही तिथली पहिली शिकवण. शालिकरामनं ती फारच मनावर घेतली. (कचेरीतली एखादी फाइल त्यानं इतकी मनावर घेतली असती, तर तो आज बढती घेऊन अकोल्याला असता.)

दुसरी शिकवण अशी, की निसर्गचित्रात माणूस नको. माणूस आला की चित्राचा विचका. या नियमाची झळ घरच्यांना बसली. दिवाळीत सगळे शिरपूरला देवळात गेले, तेव्हा शालिकरामनं खंडीभर फोटो काढले. त्यात आभाळ होतं, चिंच होती, बस थांब्यामागचा माळ होता. त्याची बायको पंचफुला फक्त एका फोटोत होती, तीही पदराच्या टोकापुरती. ते टोकसुद्धा त्यानं घरी येऊन कापलं.

"म्या नवी साडी नेसलती!" पंचफुला म्हणाली.

"म्हणूनच तं कापलं. लाल रंग डोळ्यात खुपत होता."

त्या रात्री त्याला वाढलेली भाजी अळणी होती आणि ती चुकून अळणी झालेली नव्हती.

बरं, एवढं करून हाती काही लागावं, तर तेही नाही. सोमवार ते शुक्रवार कचेरीच्या खिडकीतून असा सुरेख उजेड दिसायचा की जीव तळमळायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र एक तर ढग यायचे, नाही तर पाहुणे. शेवटी डिसेंबरात पंचफुलानं समोरच्या खोलीतल्या रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं.

"या रविवारपर्यंत त्या खिळ्याले तुमचा एक फोटो लागला पाह्यजे. लोकायले दाखवासारखा. नाई तं तो कॅमेरा मुकेशले देऊन टाकतो मी."

मुकेश तिचा धाकटा भाऊ. लग्नांचे फोटो काढायचा त्याचा धंदा, कॅमेरा नुकताच बिघडलेला आणि लग्नसराई तोंडावर. तो येता-जाता भावजींच्या कॅमेऱ्याकडे अशा नजरेनं पाहायचा की शालिकराम कॅमेरा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावायचा. आता ती किल्लीही जाणार होती. शनिवारी सकाळीच त्यानं किन्हीराजाची बस धरली. तिथं धुकं उतरतं, असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलं होतं.

उतरल्यावर त्यानं चहाच्या टपरीवर अ‍ॅडमिनला शोभेल अशा भाषेत विचारलं, "इथं एखादं चांगलं स्थळ आहे का हो?"

चहावाल्याच्या हातातली गाळणी थांबली. "स्थळ पाहाले आले तुमी? आपणहून?"

"हो. खास वाशीमहून."

ज्या मुलखात शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही म्हणून आईबाप देव पाण्यात घालून बसलेत, तिथं एक इस्त्रीचा शर्ट घातलेला नोकरदार माणूस स्वतःच्या पायानं स्थळ शोधत येतो! चहावाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. तो शालिकरामला थेट पुंजाजींच्या मळ्यात घेऊन गेला आणि वाटेत फोनवर काहीतरी कुजबुजला.

पुंजाजींचा वांग्या-कोबीचा मळा तळ्याला लागून होता. तळ्याच्या बांधावर एकच बाभूळ, मागं निळसर टेकडी. शालिकरामनं मनातल्या मनात चौकटही आखून टाकली. पुंजाजी, त्यांची बायको गोकर्णाबाई आणि पोरगा हर्षल ओळीनं दारात उभे होते. हर्षलला छातीपर्यंत दाढी होती आणि अंगात घाईघाईनं घातलेला नवा शर्ट.

पुंजाजींनी आधी आडनाव विचारलं, मग आजोळ, आणि पाणी पिऊन होईस्तोवर नातंही काढलं. "म्हंजे आपल्यातलेच! बसा. पोहे खाता, का आधी पाह्यता?"

"आधी पाहतो. उजेड आहे तोवर." शालिकराम दारातूनच तळ्याकडे डोळे बारीक करून पाहू लागला. त्याच्या नजरेच्या वाटेत हर्षल उभा होता, पण त्याला माणसं दिसायची सवय उरली नव्हती.

"कसं काय वाटते स्थळ?" पुंजाजींनी भीत भीत विचारलं.

"छान आहे. उंची जरा कमी पडते." (हे बांधाबद्दल.)

"उंची आमच्या घराण्यातच कमी हाय जी," गोकर्णाबाई म्हणाल्या, "पण कामाले वाघ हाय!"

"आणि समोर फार झाडझूड वाढली आहे. तेवढी काढली तर काय रूप खुलेल!"

गोकर्णाबाईंनी पोराच्या दाढीकडे पाहिलं. "पाह्य! मी काय सांगून राह्यली तुले दोन वर्षांपासून?"

"पाण्याचं कसं आहे?"

"पाण्याबिगर काई पेतच नाई तो! माळकरी हाय, देवाशप्पत!"

हे उत्तर शालिकरामला जरा विचित्र वाटलं, पण तोवर पोहे आले.

"आणखी कुठं पाह्यलं काय?" पुंजाजींनी विचारलं.

"पुष्कळ पाहिली. पोहरादेवीकडचं बरं होतं, पण तिथं गर्दी. शिरपूरच्या स्थळात मधोमध विजेचा खांब."

खांबाचं पुंजाजींना कळलं नाही, पण शिरपूरवाल्यांचा पत्ता कटला एवढं कळलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मी उद्या पहाटे पुन्हा येतो," शालिकराम म्हणाला. "खरं रूप धुक्यातच पाहावं लागतं."

मुलीचा इतका चोखंदळ बाप किन्हीराजात आजवर आला नव्हता. निघताना त्याला पिशवीभर वांगी मिळाली. कलेची एवढी कदर करणारं गाव त्यानं पाहिलं नव्हतं.

तो वांगी घेऊन घरी पोचला, तर पंचफुला दारातच उभी. "आपली पोरगी शुभांगी आठवीत हाय! आठवीत! नं तुमी तिच्यासाठी स्थळ पाहून आले?"

"अवं, स्थळ म्हंजे लोकेशन!"

"लोकेशन? पोराची जन्मवेळ पाठवली तेंनी मले! माह्या माहेरावरून तीन फोन आले. नातं निघते म्हणे आपलं."

शालिकरामनं वांग्यांची पिशवी खाली ठेवली. उंची, झाडझूड, पाणी असं एकेक त्याला उलगडत गेलं. पंचफुलानं सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "उद्या मी येतो संग. घरात जाऊन मी माफी मागतो. तुमी तवर काढा तुमचं ते निसर्ग का काय. तुमचा अखेरचा दिवस हाय."

रविवारी पहाटे धुकं उतरलं होतं, आणि असं उतरलं होतं की शालिकरामच्या डोळ्यांत पाणी आलं. तळं दिसत नव्हतं, टेकडी अर्धीच होती आणि त्यात ती एकटी बाभूळ. त्यानं तिपाई रोवली. पंचफुला घरात गेली होती. सूर्याची पहिली तिरीप बाभळीमागून येऊ लागली. त्यानं श्वास रोखला, बोट बटणावर ठेवलं, आणि चित्राच्या बरोबर मधोमध हर्षल येऊन उभा राहिला.

गुळगुळीत दाढी केलेला, हात शिस्तीत मांडीला लावलेला, थंडीनं कुडकुडणारा.

"बाजूला हो!" शालिकराम ओरडला.

"कोनत्या बाजूले जी? उजवीकडून पाह्यता?" हर्षलनं इमानदारीत चेहरा उजवीकडे केला.

"अरे, निघ तिथून!"

"चालून दाखवू?" आणि तो बांधावरून चालू लागला.

ओरडण्याच्या भरात बोट दाबलं गेलं. एकदाच. मग ऊन वर आलं आणि धुकं पाहता पाहता विरलं. उरला तो रोजचा बांध आणि त्यावरून आज्ञाधारकपणे येरझारा घालणारा हर्षल.

शालिकराम घरात आला, तर पंचफुलाचं सांगून झालं होतं. गोकर्णाबाई चुलीपुढं पाठमोऱ्या बसल्या होत्या. "तुमची चूक नाई बाई," त्या म्हणत होत्या. "पण कोनी आपणहून आमच्या दारी आलं, असं पह्यल्यांदाच झालतं. रातभर झोप नाई आली आमाले." पुंजाजी कोबीकडे पाहत राहिले. शालिकरामला फार वाईट वाटलं. हातचा फोटो गेला, कॅमेरा गेला, पण त्याहूनही त्या बाईची पाठ त्याला पाहवेना. मुकाट्यानं त्यानं कॅमेरा पंचफुलापुढं धरला.

पंचफुलानं पडद्यावरचा तो एकुलता एक फोटो पाहिला. मग मोठा करून पाहिला.

"पोरगं चांगलं दिसते हो," ती हळूच म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "गोकर्णाताई, माह्या मोठ्या भावाची रुचिका हाय. शेतीचं शिकली. तिले मळेवाला चालते. दाखवू काय तिले?"

चुलीपुढची पाठ वळली आणि चहा पुन्हा ठेवला गेला.

फोटो छापायला मुकेशकडे गेला. मुकेशला भावजींचं निसर्गचित्र म्हणजे काय हे ठाऊक होतं, म्हणून त्यानं आपल्या बुद्धीनं त्यात सुधारणा केली. हर्षल तेवढा ठेवला, धुकं, तळं, टेकडी, बाभूळ सगळं कापून टाकलं आणि मागं बर्फाचे डोंगर लावले, लाकडी बंगल्यांसकट. रुचिकानं फोटो पाहून सांगितलं, "मागचं सपशेल खोटं हाय, पण माणूस खरा वाटते." मग ती स्वतः मळ्यात गेली, हर्षलशी ठिबक सिंचनावरून तासभर भांडली आणि हो म्हणून आली.

लग्न थाटात झालं. त्याचे फोटो मुकेशनं शालिकरामच्याच कॅमेऱ्यानं काढले, कारण मध्यस्थानं पाहुण्यांत बसायचं असतं, असं पंचफुलाचं म्हणणं पडलं. कॅमेरा अजून परत आलेला नाही. पण खिळ्याची अट पुरी झाली. समोरच्या खोलीत बर्फाच्या डोंगरांपुढचा तो हर्षलचा फोटो झळकतो आहे, आणि खाली कोपऱ्यात मुकेशनं झोकदार अक्षरांत टाकलंय: छायाचित्र, शालिकराम.

परवा कचेरीचे साहेब घरी आले. त्यांनी चहाचा कप हातात घेऊन फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला आणि शालिकरामच्या पाठीवर थाप मारली.

"वा! काय स्थळ निवडलंय! फक्त मधे तो माणूस नको होता."