हळद लागलेला गोलकीपर

हळद लागलेल्या नवरदेवानं गोलमध्ये उभं राहावं की नाही, यावर गुणवंतरावांच्या मांडवात सकाळपासून वाद चालला होता. नवरदेव प्रफुल कानामागेसुद्धा पिवळा होऊन पाटावर बसला होता आणि पुन्हा पुन्हा मोबाइलमध्ये वेळ पाहत होता. दुपारी घुग्घुसच्या मैदानावर बल्लारपूरविरुद्ध फायनल होती. खरं तर ती मागच्याच रविवारी व्हायची. पण मैदानावर कुठल्याशा सभेचा मंडप उभा राहिला, आणि मॅच सरकत सरकत नेमकी हळदीच्या दिवसावर येऊन बसली.

"गोलकीपर दुसरा कोणी नाई का तुमच्याकडं?" शकुबाईंनी विचारलं. त्या प्रफुलच्या आत्या. खास हळदीसाठी सावली गावाहून आल्या होत्या, आणि हळदीच्या घरात आत्याचा शब्द शेवटचा.

"हाय ना, आत्याबाई," सोमाजी म्हणाला. मैदानाच्या कोपऱ्यावर त्याची चहाची टपरी. घुग्घुसच्या टीमच्या बाजूनं त्याच्याइतका मोठा आवाज कोणाचाच नव्हता. "पण तो गोलकीपर कमी अन् दरवाजा जास्त. सदा उघडाच राह्यते."

"मंग हरा. कप काय पोटाले खाता?"

बल्लारपूरसमोर हरायचं ही कल्पना घुग्घुसमध्ये तेरवीच्या जेवणासारखी होती, मोठ्यानं कोणी बोलत नसे. त्यात यंदा आणखी एक भानगड होती. बल्लारपूरचा सगळ्यात चपळ खेळाडू चंदन हा नवरीचा, म्हणजे दिव्यानीचा, सख्खा धाकटा भाऊ. खेळाडू म्हणून प्रफुल मोठा की चंदन मोठा, यावरून लग्न ठरल्यापासून दोन्ही गावांत भांडणं होत होती. पत्रिका जुळल्या की नाही हे कोणी विचारलं नव्हतं.

शेवटी प्रफुलचे वडील गुणवंतराव पुढे झाले. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला हा माणूस, पण थोरल्या बहिणीपुढे आवाज चढवायचं धैर्य त्यांना अजून आलेलं नव्हतं. "बाई, घंटा-दीड घंट्याचं काम हाय. जाऊन येईन पोरगा."

"सावलीचा तो देवरावचा पोरगा आठवते का तुले? हळदीचा अडकित्ता घरी ठेवून विहिरीवर गेला. पाय घसरला, हाड मोडलं. लग्न दिवाळीपर्यंत थांबलं. अन् दिवाळीपर्यंत पोरीचा विचार बदलला." शकुबाईंची अशी उदाहरणं कधीच संपत नसत. हळद लागली की नवरदेवाच्या अंगाशी लोखंड पाहिजे, नाही तर काहीतरी बाधतं, हे त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलं होतं आणि तिनं तिच्या आईकडून.

"मंग लोखंड घेऊनच जातो ना, आत्याबाई!" प्रफुल पाटावरून उठला. "कमरेले बांधतो. काढणारच नाई."

शकुबाईंनी बराच विचार केला. मग स्वतःच्या हातानं अडकित्ता रुमालात गुंडाळून भाच्याच्या कमरेला करकचून बांधला, त्यावरून जर्सी खाली ओढली आणि चपला घातल्या. "मीबी येतो. लक्ष ठेवाले."

तिकडे बल्लारपुरात त्याच वेळी नवरीची आई गिरजाबाई बूट बांधणाऱ्या चंदनला बजावत होती, "जवायाले धक्का लागला तं घरी येऊ नको. उद्या मांडवात लंगडा नवरदेव आला तं लोकं काय म्हणतीन?"

"मंग गोल कसा मारू, आई?"

"हळू मार."

घुग्घुसचं हे मैदान जुनं. एके काळी इथं ड्यूटीवरून सुटलेली माणसं अनवाणी खेळायची. खांब जंगलातल्या बांबूचे असत आणि जाळी नसेच. गोल झाला की चेंडू आणायला नाल्यापर्यंत पळावं लागे. आता लोखंडी पाइपचे खांब आहेत, जाळी आहे आणि पंचाच्या खिशात कार्डं आहेत. पंच होते बापूराव मास्तर. ते निवृत्त झाले होते, पण शिट्टी सुटली नव्हती.

पहिला अर्धा खेळ प्रफुलचाच होता. पिवळ्या हातांनी त्यानं तीन-चार चेंडू असे अडवले की बल्लारपूरच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात घुग्घुसनं एक गोल केला आणि सोमाजीनं आपल्याच टपरीवरचे ग्लास फोडले. मग चंदन चेंडू घेऊन आला. प्रफुल त्याच्या पायांत झेपावला, दोघे लोळत गेले, आणि धूळ बसली तेव्हा चंदनच्या नाकापासून वीतभर अंतरावर अडकित्ता उघडा पडलेला होता.

"अरे बाप्पा!" चंदन बसल्या बसल्या मागे सरकला. "भाऊजी, हे काय?"

"हळदीचा हाय," प्रफुल म्हणाला.

बापूरावांनी शिट्टी फुंकली आणि हात खिशात घातला. दोन्हीकडचे लोक रेषा ओलांडून आत आले.

"लालच पायजे!" बल्लारपूरचा धनराज ओरडला. तो कागद कारखान्यातली पाळी सोडून मॅच बघायला आला होता. "पोराचा डोळा गेला असता तं? खेळाडूच्या जिवाचं काही हाय का नाई?"

"मागच्या साली तुमच्या बॅकनं आमच्या पोराचा गुडघा फोडला, तवा कुठी होता तुमचा जीव?" सोमाजी मधे घुसला. "मुद्दाम थोडी मारला त्यानं? निसटला तो. लय झालं तं पिवळं द्या, मास्तर."

"पिवळा तं तो सकाळपासूनच हाय!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "दुसरं पिवळं म्हणजे लालच झालं!"

यावर बल्लारपूरचे लोकसुद्धा हसले. पण बापूराव हसले नाहीत. "हत्यार घेऊन खेळता येत नाही. अडकित्ता बाहेर ठेव आणि खेळ. नाही तर तू बाहेर."

"अडकित्ता बाहेर जाणार नाई." शकुबाई पदर खोचून पेनल्टीच्या जागेवर उभ्या होत्या. त्या आत कधी आल्या, कोणी पाहिलं नव्हतं.

"बाई, तुम्ही रेषेच्या बाहेर व्हा."

"मी काऊन होऊ? पोरगं आमचं, हळद आमची. तुमची रेघ काल मारली चुन्यानं."

बापूरावांनी लाल कार्ड काढलं आणि शकुबाईंच्या नाकासमोर धरलं. गुणवंतराव धावत आले. "मास्तर, काय करून राह्यले? नवरदेवाच्या आत्याले लाल कार्ड? उद्या तुमी आमच्याच पंगतीले बसणार ना?"

बापूरावांना उद्याचं जेवण आठवलं असावं. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, शकुबाईंकडे पाहिलं, आणि कार्ड खिशात ठेवलं. "या वेळी सोडतो. पण लोखंडाचं काहीतरी करा."

शेवटी सोमाजीच म्हणाला, "आत्याबाई, हा खांब कशाचा हाय? लोखंडाचाच ना? पोरगा खांबाले हात लावून उभा राह्यला, तं लोखंड सुटलं कुठी?"

शकुबाईंनी खांब वाजवून पाहिला. खणखणीत होता. बांबूचे दिवस असते तर मॅच तिथंच संपली असती. "चालन," त्या म्हणाल्या. "पण हात सुटला नाई पायजे. मी इथीच, मागं उभी हाय."

पुढे झाला तसा खेळ घुग्घुसनं पूर्वी कधी पाहिला नव्हता. प्रफुल डाव्या हातानं खांब धरून उभा, जणू बसमध्ये जागा मिळाली नाही. चेंडू त्याच्या बाजूला आला तर पाय, गुडघा, डोकं, जे सापडेल त्यानं तो परतवी. दुसऱ्या बाजूला सगळा गोल उघडा. बल्लारपूरनं त्या बाजूनं एक गोल केलाच. प्रफुल हात लांबवून नुसता बघत राहिला.

एक-एक. आता शकुबाईंना मॅच दिसू लागली. तोवर त्या फक्त भाच्याचा डावा हात पाहत होत्या.

"तो तिकडला मोकळा सोडला ना बे!" त्या बचावाच्या पोरांवर ओरडल्या. मग सोमाजीला म्हणाल्या, "हे एकमेकाच्या मांगं पळून राह्यले, चेंडूच्या मांगं कोण पळन?"

"तेच तं मी सात वर्षं सांगून राह्यलो, आत्याबाई," सोमाजी गहिवरून म्हणाला.

खेळ संपत आला. बापूराव घड्याळ पाहत होते, आणि तेवढ्यात चंदन सुटला. एकाला चकवलं, दुसरा पडला, पुढे फक्त प्रफुल. डावीकडे नवरदेव आणि खांब, उजवीकडे तीन म्हशी शेजारीशेजारी बसतील एवढी मोकळी जागा. चंदन कुठे मारणार हे मैदानाबाहेर बांधलेल्या बकरीलाही कळत होतं.

जाळीला दोन्ही हातांनी धरून शकुबाई किंचाळल्या, "सोड! सोड तो खांब! उडी मार तिकडं!"

आत्याचा शब्द शेवटचा. प्रफुलनं खांब सोडला आणि उजवीकडे जी झेप घेतली, तशी झेप त्या मैदानानं कधी पाहिली नव्हती. हवेत तो आडवा झाला, अंगावरची हळद झडली, बोटं पलीकडच्या खांबाला जाऊन टेकली. चंदननं चेंडू मारला तो हळूच, डावीकडे, बरोबर प्रफुल उभा होता त्या जागी. चेंडू रिकाम्या जागेतून घरंगळत आत गेला आणि शकुबाईंच्या पायापाशी जाळीत थांबला.

बल्लारपूरच्या लोकांनी चंदनला खांद्यावर घेतलं. "काय डोकं चालवलं रे पोट्ट्या! सगळ्यांले फशिवलं!" धनराज नाचत होता.

"फशिवलं नाई, काका!" चंदन वरून कळवळून सांगत होता. "मी तं भाऊजीच्या पोटावर मारला होता! आईनं सांगतलं होतं, हळू मार म्हणून! त्यायले खांब सोडा लागू नये म्हणून तिकडं मारला!"

कोणी ऐकलं नाही. मोठे खेळाडू नम्रच असतात, असं धनराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बल्लारपुरात लग्न लागलं. नवरदेव धडधाकट होता, कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. गिरजाबाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत दोनदा पाहिलं आणि मगच चंदनला घरात जेवायला बोलावलं. सोमाजी मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता.

पंगत बसली. बापूराव मास्तरांनी पहिला घास उचलला, तोच शकुबाई वाढप्याच्या हातातलं भाजीचं भांडं घेऊन समोर उभ्या राहिल्या. मास्तरांचा हात अर्ध्यावरच थांबला.

"मास्तर," शकुबाई म्हणाल्या, "तुमी पंच म्हणून कच्चे. खिशातून काढलेलं कार्ड कोणी परत ठेवते का? तवाच मले बाहेर काढलं असतं, तं कप आज घुग्घुसले राह्यला असता."

आणि त्यांनी मास्तरांना भाजी न वाढता पुढच्या पानाकडे मोर्चा वळवला.