रडायचा सीझन

ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पुन्हा नापास होऊन मी घरी आले आणि गेटमध्येच भोकाड पसरलं. शेजारच्या दातारकाकू झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी झारी खाली ठेवली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, मे महिन्यात रडतात का? सप्टेंबरपर्यंत थांब."

माझं रडणंच थांबलं. कुणाचंही थांबेल.

काकू म्हणजे रिटायर्ड भूलतज्ज्ञ. आयुष्यभर हॉस्पिटलात माणसांना झोपवलं आणि रिटायर झाल्यावर इंग्लंडातल्या आमच्या अख्ख्या ब्रॅकनेल गावाची झोप उडवायचा विडा उचलला. मेई नावाची एक चिनी नर्स त्यांची जुनी मैत्रीण. तिच्याकडून त्या चिनी वैद्यक शिकल्या, म्हणजे ऋतूप्रमाणे कसं जगायचं ते. प्रत्येक ऋतूचा एक अवयव, प्रत्येक अवयवाची एक भावना. स्प्रिंग म्हणजे लिव्हर आणि राग. समर म्हणजे हार्ट आणि आनंद. ऑटम म्हणजे फुफ्फुसं आणि दुःख. विंटर म्हणजे किडनी आणि भीती. मूळ शास्त्र इतकं कडक असेल असं मला काही वाटत नाही, पण काकूंनी त्याचं पार कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिन कलेक्शनसारखं टाइमटेबल करून टाकलं. ज्याचा दिवस असेल तेच बाहेर काढायचं.

सगळ्यात हाल त्यांच्या लेकीचे, मनूचे. ती मेलबर्नला, तिकडे ऋतूच उलटे. एप्रिलमध्ये काकू तिला फोनवर सांगायच्या, "मनू, ऑटम आहे ना तुझा? मग घे रडून. पेअर वाफवून खा, फुफ्फुसांना बरं." फोन ठेवला की माझ्याकडे वळायच्या, "तू काय बघतेस? तू भांड कुणाशी तरी!"

स्वतः त्या काकांशी भांडायच्या. आमची घरं सेमी-डिटॅच्ड, एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे मार्च लागला की मधल्या भिंतीतून खणखणीत ऐकू यायचं. विषय कायम एकच, दह्याचे डबे. काका ते न विसळता रिसायकलिंगमध्ये टाकायचे. "अहो, जन्म गेला या देशात, एक डबा विसळता येत नाही?" आवाज असा, की आमच्या भिंतीवरचं घड्याळ हलायचं.

शेवटी मी काकांना बाहेर गाठलं. "काका, विसळून टाका ना एकदाचे!"

काकांनी डोळा मिचकावला. "वर्षभर विसळतोच की गं. मार्चमध्ये तेवढे मुद्दाम तसेच टाकतो. हिचं लिव्हर कोण सांभाळणार?"

गेल्या जुलैत काका गेले. हार्टनंच.

काकू रडल्या नाहीत. भेटायला येणाऱ्यांना कोरड्या डोळ्यांनी गरम पाणी देत राहिल्या. कुणी गळ्यात पडलं की म्हणायच्या, "जुलै आहे." मला तर असा राग आला! असला कसला मेला नियम! मनू इथेच वाढलेली, तिचं मराठी मोडकंतोडकं. परत जाताना ती माझा हात धरून म्हणाली, "ताई, आई रडतच नाही. मला खूप भीती वाटतो. तू प्लीज लक्ष दे."

ऑक्टोबरात काकूंनी रीतसर तयारी केली. पेअर वाफवले, टिश्यूचा बॉक्स आणला, फोन सायलेंटवर टाकला. मीही पलीकडून भिंतीला कान लावून बसले. काही नाही. दोन दिवसांनी त्या पेअरचा वाडगा घेऊन माझ्या दारात. "येतच नाहीये गं," म्हणाल्या. कुठेतरी अडकलेल्या पार्सलबद्दल बोलावं, तसं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि मी सगळे पेअर खाल्ले.

मग विंटर आला नि गेला. मार्च लागला तरी भिंत आपली गप्प. काकू सगळ्यांशी गोड बोलत होत्या. आता मात्र मला धीर धरवेना. बिनच्या दिवशी सकाळी मी दह्याचे डबे, चांगले बरबटलेले, त्यांच्या रिसायकलिंग बिनमध्ये सगळ्यात वर टाकून आले आणि चहा घेऊन खिडकीत उभी राहिले.

चहा संपायच्या आत बेल वाजली. दारात काकू, हातात डबा.

"हे तुझं काम? लाज नाही वाटत? जन्म गेला या देशात..."

"माझा कुठे गेलाय? मी आत्ता आत्ता तर आलेय."

"उलट उत्तरं देतेस? अगं, यांनासुद्धा वर्षभर नीट जमायचं. मार्च आला की काय व्हायचं यांना, कोण जाणे..."

आणि काकू थांबल्या. डब्याकडे बघत राहिल्या.

"मुद्दाम करायचे?"

"हो. मला सांगितलं होतं त्यांनी. तुमच्या लिव्हरसाठी."

"लबाड माणूस," काकू म्हणाल्या. डोळे भरून आले तशा त्या घाबरल्याच. "अगं, नको. मार्च आहे. आत्ता नाही चालत."

मी त्यांच्या हातातला डबा काढून घेतला.

"काकू, मेलबर्नला ऑटम लागलाय."

त्यांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तिथेच, माझ्या दारात, भोकाड पसरलं.