धोटा, फणी आणि डिपोटी

शिकवण्यात माझा हात धरणारा मास्तर अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात नव्हता! निदान ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो तेव्हा माझी तशी पक्की खात्री होती. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे शिक्षणाचं तत्त्व मी तिथं घोकून घोकून पाठ केलं होतं, आणि वडगावच्या शाळेत बादशहाच्या जुबिलीत मिळालेले चार ड्रम माझी वाटच पाहत होते.

मुलं सगळी विणकरांची. ड्रम त्यांना अज्ञात, माग ज्ञात. मी सांगून टाकलं, "पोरांनो, हा ड्रम नाही, हा माग आहे." डावी काठी सूत घेऊन पळणारा धोटा, उजवी काठी ते ठोकणारी फणी, आणि कवायतीचे पाय म्हणजे मागाखाली पायानं दाबायच्या पावड्या. धोटा-फणी, धोटा-फणी म्हणत पोरं असा ठेका धरू लागली की हेडमास्तर खुर्ची सोडून ऐकायला आले. खंडेनवमीला घरोघरी मागांची पूजा झाली, तेव्हा मी ड्रमनाही कुंकू लावलं. तत्त्व अर्धवट कशाला राबवायचं?

मग तपासणीसाठी शिक्षणखात्याचे डिपोटीसाहेब येणार असं कळलं. बँड वाजला तर मी नोकरीत कायम, नाहीतर घरी. त्या दिवशी चहासुद्धा न घेता निघालो. शाळेत गेलो तर ड्रमवर धुतलेली धोतरं पांघरलेली आणि पोरं हाताची घडी घालून बसलेली.

"परशराम, काठ्या घे," मी म्हणालो.

"आज अमुशा हाय, गुरुजी. माग बंद."

"अरे, हा माग नव्हे. ड्रम आहे."

"तुमीच सांगिटलासा की, ह्यो माग हाय म्हणून."

धावत जाऊन त्याच्या वडिलांना, यमनाप्पांना, घेऊन आलो. पोरगा बापाचं तरी ऐकेल, एवढीच आशा उरली होती. यमनाप्पांनी ड्रमवरचं धोतर जरा उचललं, कुंकू पाहिलं आणि पूजा कुणी केली म्हणून विचारलं. मीच केली म्हटल्यावर त्यांनी धोतर पुन्हा नीट पांघरलं.

"मग न्हाई जमायचं, गुरुजी," ते म्हणाले.

तेवढ्यात साहेबांचा टांगा फाटकाशी थांबला. मी रडकुंडीला आलो. ड्रम राहू दे, निदान कवायत तरी करा, म्हणून पोरांना विनवलं. परशरामनं शांतपणे सांगितलं की पावड्याबी बंद.

साहेबांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. मी 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' एवढंच कसंबसं पुटपुटलो.

"मास्तर, पोरं कुठं अज्ञाताकडे आली?" ते म्हणाले. "तुम्हीच ज्ञाताकडे जाऊन बसलात."

पण माणूस मनानं चांगला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि बँड असा कडाडला की त्यांनी मला तिथल्या तिथं कायम केलं! वर बँड बसवायला बेळगुंदीच्या शाळेत बदलीही केली.

बेळगुंदी पडलं शेतकऱ्यांचं गाव. तिथं डावी काठी डावा बैल, उजवी काठी उजवा बैल. पोरांनी ताल झकास उचलला. साहेब येणार म्हटल्यावर मात्र मी सगळ्यात आधी पंचांग उघडलं. आता मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. अमावास्या चांगली लांब होती. त्या दिवशी मी पोटभर जेवलो आणि ऐटीत शाळेत गेलो.

ड्रम कोपऱ्यात, काठ्या त्यांच्यावर, आणि पोरं ओट्यावर पाय हलवत बसलेली.

"काय रे भरमू?" मी विचारलं.

"आज सोमवार न्हवं, गुरुजी?" भरमू म्हणाला. "बैल जुपत न्हाईत."