तिसऱ्या पेटीचं गणित

सांगून ठेवतो, मधमाश्यांचं गणित आमच्या अख्ख्या खोऱ्यात माझ्याइतकं कुणालाच येत नाही! राजधानीत, लुब्लियानातल्या गणिताच्या संस्थेत बारा वर्षं मी तेच करतोय. जन्म किती, मृत्यू किती, घाला समीकरणात! त्यामुळे सासरे अलोइझ यांचा पाय मोडला आणि त्यांच्या वीस पेट्या माझ्या गळ्यात पडल्या, तेव्हा मी म्हणालो, "बाबा, तुम्ही निश्चिंत पडा!"

पेट्या अंगणातल्या लाकडी खोपट्यात रचलेल्या, तोंडं बाहेर, मागची दारं आत. प्रत्येकीच्या तोंडावर रंगवलेली फळी, कुठे संत, कुठे अस्वल. तिसरीवर मला मोजणीचं यंत्र बसवायचं होतं आणि तिथलं अस्वल आडवं येत होतं. पहाटेच्या गारठ्यात, माश्या बाहेर पडायच्या आत, मी ते काढून चौथीवर ठोकलं. आता किती गेल्या, किती आल्या, आकडे थेट घरातल्या संगणकावर!

संध्याकाळी घाम फुटला. गेल्या नऊ हजार, परतल्या साडेसहा! समीकरण म्हणालं, अठरा दिवसांत शून्य.

"नेझा," मी बायकोला हाक मारली, "तिसरी पेटी संपत आली गं!"

"संपत काय आली? पीठ आहे का ते?" पलंगावरून सासरे गरजले. "आमच्या माश्या माणसांसारख्या देवाघरी जातात!" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अळ्या सडण्याची साथ तर नाही ना?"

ती साथ निघाली की पेट्या जाळतात! आणि ही माश्यांची जात सासऱ्यांच्या आजोबांपासूनची. आकडा रोज उतरत होता. सासऱ्यांनी जेवण सोडलं, माझी झोप उडाली. चौथ्या दिवशी न राहवून मी पशुवैद्य झ्देन्काबाईंना फोन केला.

बाई आल्या त्या पांढऱ्या झग्यात, हातात पेट्रोलचा डबा! सासरे कुबड्यांवर लंगडत बाहेर आले. "जाळायच्याच असतील तर काडी मी ओढणार," ते म्हणाले. नेझा रडायला लागली.

बाईंनी आत जाऊन तिसरीचं मागचं दार उघडलं. "अळ्या ठणठणीत आहेत. मोठ्या माश्या कुठे गेल्या?" चौथी उघडली, तर माश्या भसाभस ओसंडल्या! बाई पुढच्या बाजूला आल्या. "हे अस्वल कुणाचं?"

"तिसरीचं!" सासरे ओरडले. "चौथीवर कुणी लावलं?"

"चित्र बघून घर ओळखतात हो त्या," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "बिचाऱ्या आपल्या अस्वलाच्या घरी गेल्या."

सासरे रडता रडता हसले. मग डोळे पुसून माझ्याकडे वळले. "जावईबापू, चार दिवसांत एकदा ते दार उघडून आत डोकावला असतात, तरी कळलं असतं! का नाही उघडलंत?"

नेझा पटकन डोंगराकडे बघायला लागली. तिला ठाऊक होतं.

"बाबा," मी म्हणालो, "मला मधमाश्यांची भीती वाटते!"